इनॅमलखालचा दात

प्रस्तावना

शेंगदाणा चावताना दाढेचा तुकडा पडतो आणि माणूस चकित होतो. शेंगदाण्याने दाढ तुटते कशी? कालपर्यंत आरशात ती धड दिसत होती. दंतवैद्याच्या खुर्चीत बसल्यावर कळते, की वरचे कवच शाबूत होते, पण त्याच्या खालचा दात किडीने केव्हाच पोखरला होता. इनॅमल हा आपल्या शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ आहे, हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. हा कठीण पदार्थ खालून आधार नसेल तर साध्या दाण्यानेही फुटतो, हे मात्र फार थोड्यांना माहीत असते. तो आधार डेंटिन देते. दाताचा बहुतेक भाग डेंटिनचाच असतो. माथ्यावर इनॅमल, मुळांवर सिमेंटमचा पातळ थर, आतल्या पोकळीत रक्तवाहिन्या आणि नसा असलेला मगज, आणि बाकी सारे डेंटिन.

रुग्णांचा दुसरा नेहमीचा प्रश्न भरलेल्या दाताबद्दलचा असतो. ‘दाताच्या रंगाचे सिमेंट भरले होते, ते चार-पाच वर्षांत निघाले कसे? शेजारणीचे तर अजून टिकून आहे.’ मग कोणी सिमेंटला दोष देते, कोणी डॉक्टरला, कोणी स्वतःच्या खाण्याला.

दोन्ही प्रश्नांची उत्तरे एकाच ठिकाणी सापडतात, आणि हे पुस्तक लिहिण्याचे कारणही तेच आहे. ज्या रचनेमुळे डेंटिन आयुष्यभर चावण्याचा भार सोसते, त्याच रचनेमुळे त्याला बाहेरचा पदार्थ कायमचा चिकटवणे अवघड होते. त्यातले पाणी, त्यातल्या नळ्या, खनिजात गुंतलेले त्याचे तंतू, हे सारे बळकटीच्या कामाला येते आणि चिकटवणाऱ्याच्या वाटेत उभे राहते. आणि ही रचना एका दाताच्या वेगवेगळ्या भागांतही सारखी नसते. दंतवैद्यकाच्या वर्गात डेंटिन एका व्याख्येत शिकवले जाते. प्रत्यक्षात ड्रिलखाली येणारे डेंटिन दर अर्ध्या मिलिमीटरला बदलत असते. माझ्या मते या विषयातल्या निम्म्या अपयशाचे मूळ या विसरात आहे.

म्हणून आधी डेंटिन घडते कसे ते पाहू.

मगजाच्या कडेने ओडोन्टोब्लास्ट नावाच्या पेशी एका रांगेत उभ्या असतात. त्या आधी कोलॅजन या प्रथिनाचे जाळे विणतात, मग त्या जाळ्यात कॅल्शियम आणि फॉस्फेटचे बारीक स्फटिक भरत जातात. दात घडण्याच्या काळात दिवसाला साधारण ४ मायक्रॉनचा थर साठतो. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. थर साठेल तसतशा या पेशी मागे, मगजाच्या दिशेने सरकतात आणि सरकताना आपला एक लांब तंतू पुढे तसाच ठेवतात. त्या तंतूभोवतीचे डेंटिन घट्ट झाले की एक सूक्ष्म नळी तयार होते. हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावच्या अंतोनी व्हान लेव्हेनहुक यांनी स्वतः घासलेल्या भिंगातून या नळ्या पाहिल्या आणि १६७८ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांचे ते निरीक्षण छापले. कापडाचा व्यापार करणाऱ्या माणसाने, विद्यापीठाची पायरी न चढता, दात भरीव नसून नळ्यांचा बनलेला आहे हे सांगितले, याचे मला अजूनही अप्रूप वाटते.

पेशी मागे सरकतात तशी त्यांना उभे राहायला जागा कमी पडत जाते, कारण बाहेरचा घेर मोठा आणि आतला लहान. त्यामुळे नळ्या बाहेर विरळ असतात आणि आत दाटीवाटीने येतात. इनॅमलजवळच्या डेंटिनमध्ये एका चौरस मिलिमीटरला सुमारे २०,००० नळ्या असतात आणि प्रत्येकीचा व्यास एका मायक्रॉनहून थोडा कमीच असतो. मगजाजवळ त्याच क्षेत्रात ४५,००० किंवा त्याहूनही अधिक नळ्या असतात, आणि व्यास अडीच मायक्रॉनपर्यंत जातो. हिशेब केला तर बाहेरच्या बाजूला नळ्यांच्या तोंडांनी पृष्ठभागाचा जेमतेम एक टक्का व्यापलेला असतो, मगजाजवळ वीस टक्क्यांहून जास्त. दात भरण्यासाठी केलेल्या उथळ खड्ड्याच्या तळाशी दंतवैद्याला बऱ्यापैकी सलग, कोरडा करता येणारा पृष्ठभाग मिळतो. खोल खड्ड्याच्या तळाचा पाचवा भाग नुसती उघडी तोंडे असतात, आणि त्यांतून द्रव पाझरत असतो.

हा द्रव पुढे फार महत्त्वाचा ठरणार आहे. थंड पाणी लागले की दात का सणकतो, चिंच खाल्ली की दात का आंबतात, याचे आज मान्य असलेले स्पष्टीकरण स्वीडनच्या मार्टिन ब्रेनस्ट्रम यांनी १९६०च्या दशकात मांडले. थंडी, हवा, गोड किंवा आंबट द्रव यांमुळे नळ्यांतला द्रव झटकन हलतो आणि त्या हालचालीने आतल्या नसांची टोके उत्तेजित होतात. जिवंत दाताच्या मगजात बाहेरच्यापेक्षा थोडा जास्त दाब असतो, साधारण १४ सेंटिमीटर उंच पाण्याच्या स्तंभाइतका. त्यामुळे इनॅमल काढून डेंटिन उघडे केले की ते आतून सतत ओलावत राहते. प्रयोगशाळेत काढलेल्या, साठवून ठेवलेल्या दातांवर उत्तम चिकटणारे कित्येक पदार्थ तोंडात तितके का चिकटले नाहीत, याचा एक भाग इथेच उलगडतो.

आता बळकटीकडे येऊ. वजनाने पाहिले तर डेंटिनमध्ये सुमारे ७० टक्के खनिज, २० टक्के सेंद्रिय पदार्थ आणि १० टक्के पाणी असते. आकारमानाने पाहिले तर चित्र बदलते; खनिज निम्म्यावर येते, सेंद्रिय भाग तीस टक्क्यांच्या घरात जातो आणि पाणी वीस टक्क्यांच्या आसपास. अभियंत्यांच्या भाषेत पदार्थाचा ताठरपणा गिगापास्कलमध्ये मोजतात. डेंटिनचा ताठरपणा २० गिगापास्कलच्या आसपास येतो, इनॅमलचा ८०च्या आसपास. म्हणजे इनॅमल चौपट ताठ. पण ताठ असणे आणि न तुटणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकदा तडा सुरू झाला की तो पुढे जाऊ न देण्याच्या गुणात डेंटिन इनॅमलच्या बरेच पुढे आहे.

याची कारणे रचनेत आहेत. प्रत्येक नळीभोवती जास्त खनिजाचे आणि जवळजवळ कोलॅजन नसलेले एक कडे असते; नळ्यांच्या मधला भाग कोलॅजनच्या जाळ्याने भरलेला, तुलनेने मऊ असतो. सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात जॉन किनी आणि सॅली व ग्रेसन मार्शल यांनी १९९०च्या दशकात अतिसूक्ष्म टोकाने हे दोन्ही भाग वेगवेगळे दाबून मोजले. कड्याचा ताठरपणा ३० गिगापास्कलच्या जवळपास भरला, मधल्या भागाचा २०च्या आतबाहेर. कोलॅजनचे तंतू बहुतांशी नळ्यांना काटकोनात असलेल्या प्रतलात पसरलेले असतात. म्हणून डेंटिनची ताकद दिशेवर अवलंबून असते. तडा या तंतूंच्याच प्रतलातून जाऊ लागला तर त्याला विरोध कमी होतो. तंतूंना छेदून जायचे असेल तर तो दमतो. जाता जाता तड्याच्या मागे न तुटलेले लहान लहान सांधे शिल्लक राहतात आणि ते दोन्ही कडा धरून ठेवतात. बर्कली येथील रॉबर्ट रिची यांच्या गटाने हे सांधे सूक्ष्मदर्शकाखाली दाखवून दिले.

पन्नाशी उलटलेल्या कोणाच्याही पुढच्या दातांवर बाजूने उजेड पाडून पाहा. इनॅमलवर उभे बारीक तडे दिसतील, बहुतेकांच्या दातांवर असतातच. तरी ते दात तुटत नाहीत, कारण इनॅमल आणि डेंटिन यांच्या सांध्यापाशी, किंवा तो ओलांडून थोडेसेच आत, तडा थांबतो. हा सांधा सरळ रेषेत नसून नागमोडी असतो आणि त्याच्या लगतचे डेंटिन थोडे मऊ असते. इतक्या भिन्न ताठरपणाचे दोन पदार्थ इतकी वर्षे एकमेकांना धरून ठेवणारा सांधा अजून कोणत्याही प्रयोगशाळेला हुबेहूब बनवता आलेला नाही.

हत्तीचा सुळा म्हणजेही मुख्यतः डेंटिनच. त्यातून इतके नाजूक कोरीवकाम का जमते हे आता कळेल: कोलॅजन आणि पाणी असल्यामुळे पात्याखाली तो भसकन फुटत नाही. तोच हस्तिदंत कोरड्या हवेत राहिला की त्याला भेगा जातात. वाळलेले डेंटिन अधिक ताठ होते आणि अधिक ठिसूळही.

इथे एका समजाबद्दल लिहायलाच हवे, कारण तो रुग्णांत आहे तसा आमच्या व्यवसायातही आहे. रूट कॅनाल केलेला दात ‘मेलेला’, म्हणून वाळलेला, म्हणून ठिसूळ, असे सर्रास म्हटले जाते. मोजमापे याला फारसा दुजोरा देत नाहीत. अशा दातांच्या डेंटिनमध्ये पाण्याचा किंवा ताकदीचा फरक आढळलाच तर तो लहान असतो. खरा फरक किती दात कापला गेला यात असतो. १९८९ साली रीह, मेसर आणि डग्लस यांनी केलेल्या मोजणीत रूट कॅनालसाठी वरून पाडलेल्या छिद्राने दाताचा ताठरपणा सुमारे ५ टक्क्यांनीच घटला. पण दाताच्या पुढच्या आणि मागच्या दोन्ही कडा गेल्या तर घट ६० टक्क्यांच्या वर गेली. दात दुबळा होतो तो डेंटिन गमावल्यामुळे. हे ज्याला पटले त्याचा हात ड्रिलवर आपोआप सावध होतो.

वय हा मात्र खरा बदल घडवतो. वर्षांगणिक नळ्यांत खनिज साठत जाते, विशेषतः मुळाच्या टोकाकडून, आणि डेंटिन पारदर्शक दिसू लागते. ही पारदर्शकता इतकी नियमित असते की न्यायवैद्यकात मृताच्या वयाचा अंदाज बांधण्यासाठी तिचा उपयोग केला जातो. स्वीडनच्या गोस्टा गुस्टाफसन यांनी १९५० साली मांडलेल्या पद्धतीत ती एक निकष होती. असे डेंटिन कठीण राहते, पण तडा रोखण्याची त्याची शक्ती घटते. आजोबांच्या दाताचे मूळ उभे चिरते आणि नातवाचे चिरत नाही, यामागे हेही एक कारण आहे.

आता चिकटवण्याकडे, जो या पुस्तकाचा गाभा आहे.

१९५५ साली अमेरिकेतल्या रॉचेस्टर इथे मायकेल ब्युओनोकोर यांनी इनॅमलवर ८५ टक्के फॉस्फोरिक ॲसिड अर्धा मिनिट लावून पाहिले. धातूवर रंग नीट बसावा म्हणून कारखान्यांत हे ॲसिड वापरतात, हे त्यांच्या डोक्यात होते. ॲसिडने इनॅमलचा पृष्ठभाग खडबडीत झाला, त्यात ॲक्रिलिक शिरले आणि घट्ट बसले. आधुनिक दंतवैद्यकाची एक मोठी वाट तिथून फुटली. इनॅमल कोरडे, जवळपास सगळे खनिजाचे आणि बऱ्यापैकी एकसारखे, म्हणून ते लवकर वश झाले. डेंटिनने मात्र पुढची तीस वर्षे दाद दिली नाही.

पहिली अडचण दंतवैद्य स्वतःच निर्माण करत होते. ड्रिलने डेंटिन कापले की खनिज आणि कोलॅजनचा चुरा एक-दोन मायक्रॉन जाडीच्या थराने पृष्ठभागावर लिंपला जातो आणि नळ्यांची तोंडे बुजवतो. सुरुवातीची रसायने या चुऱ्यालाच चिकटत आणि चुरा सुटला की सगळे सुटे. तो ॲसिडने धुऊन काढावा तर पाश्चात्त्य देशांत भीती होती की ॲसिड नळ्यांतून जाऊन मगज मारील. ती भीती न बाळगता १९७०च्या दशकाच्या अखेरीस टोकियोचे ताकाओ फुसायामा यांनी इनॅमल आणि डेंटिन दोन्हींवर ॲसिड लावले. किडलेल्या डेंटिनचे दोन थर वेगळे ओळखायलाही त्यांनीच शिकवले: बाहेरचा जिवाणूंनी भरलेला, काढून टाकायचा; आतला मऊ पडलेला पण वाचवता येणारा, ठेवायचा. मगज मारणारा खरा शत्रू भरावाच्या कडेने शिरणारे जिवाणू होते, हे मान्य व्हायला पश्चिमेला आणखी दशकभर लागले.

मग १९८२ साली नोबुओ नाकाबायाशी यांनी रेझिन, म्हणजे भरावाला दाताशी जोडणारे प्लॅस्टिकसारखे रसायन, डेंटिनला धरते कसे हे दाखवले. ॲसिडने वरच्या काही मायक्रॉनमधले खनिज विरघळते आणि कोलॅजनचे उघडे जाळे उरते. रेझिन त्या जाळ्यात झिरपून तिथेच कडक झाले की निम्मा दात, निम्मे प्लॅस्टिक असा एक नवा थर तयार होतो. त्याला हायब्रिड थर म्हणतात. तोपर्यंत बहुतेकांची समजूत होती की रेझिन नळ्यांत घुसून खुंटीच्या जोरावर टिकते. खुंट्या होतात, पण पकडीचा मोठा वाटा नळ्यांच्या मधल्या डेंटिनचा असतो. खोल खड्ड्यात नळ्यांनीच जागा खाल्लेली असल्याने हा मधला भाग थोडा उरतो आणि पकडही कमी पडते. वर सांगितलेला टक्केवारीचा हिशेब खुर्चीजवळ असा येऊन पोहोचतो.

पण उघडे पडलेले कोलॅजन फार लहरी असते. समुद्रात पाण्याखाली मोकळे डुलणारे शेवाळ ओहोटीला खडकावर चपटे होऊन पडते. हवेच्या फवाऱ्याने वाळवलेल्या डेंटिनवर कोलॅजनचे तेच होते. खनिजाचा आधार गेलेला, पाण्याचाही गेला, की जाळे मिटते आणि रेझिनला शिरायला वाट उरत नाही. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला जॉन कांका यांनी डेंटिन ओलसर ठेवूनच रेझिन लावायचा आग्रह धरला. ॲसिटोन किंवा अल्कोहोल पाण्याचा पाठलाग करत जाळ्यात शिरते, पाणी बाहेर काढते आणि त्याच्याबरोबर आलेले रेझिन मागे राहते. कल्पना सुंदर आहे, हाताला मात्र कठीण. किती ओले म्हणजे पुरेसे ओले? फार वाळवले तर जाळे मिटते, फार ओले ठेवले तर रेझिनमध्ये पाण्याचे थेंब अडकतात. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ॲसिटोनची बाटली क्षणभर जरी उघडी राहिली तरी आतले प्रमाण बदलते. शिकाऊ डॉक्टरांना मी हे पुन्हा पुन्हा सांगते, कारण याचा परिणाम त्या दिवशी दिसत नाही, काही महिन्यांनी दिसतो.

दुसरा मार्ग सौम्य ॲसिडाचा. चुरा पूर्ण धुवायचा नाही, खनिज पूर्ण काढायचे नाही, आणि उरलेल्या कॅल्शियमशी रासायनिक बंध जोडायचा. जपानी कंपनी कुरारे हिने १९८०च्या दशकात विकसित केलेला एमडीपी हा रेणू हे काम आजही सर्वांत चांगले करतो. त्याचे कॅल्शियमबरोबरचे क्षार पाण्यात सहजी विरघळत नाहीत. ग्लास आयोनोमर सिमेंट त्याहून जुने, लंडनमध्ये विल्सन आणि केंट यांनी १९७०च्या आसपास घडवलेले. तेही कॅल्शियमलाच धरते. ताकद कमी, पण ओलाव्याशी त्याचे वाकडे नाही.

हे सारे निरोगी डेंटिनबद्दल झाले. दवाखान्यात येणारे डेंटिन क्वचित तसे असते. महाराष्ट्राच्या खेड्यांत मिश्री लावणाऱ्या, राखुंडीने किंवा विटेच्या भुकटीने दात घासलेल्या पिढ्या आहेत. त्यांच्या हिरड्यांलगत दात झिजून खाचा पडतात आणि तिथले डेंटिन पिवळट, काचेरी, चमकदार होते. नळ्या खनिजाने बुजलेल्या, वर जास्त खनिजाचा टणक पापुद्रा. रुग्णाला सणक लागत नाही, कारण द्रव हलायला नळीच मोकळी नाही. त्याच कारणाने रेझिनही तिथे नीट शिरत नाही. पाठ्यपुस्तकात दिलेला एचिंगचा, म्हणजे ॲसिड लावून ठेवण्याचा, १५ सेकंदांचा वेळ इथे अपुरा पडतो. ड्रिलच्या टोकाने पृष्ठभाग किंचित खरवडून घ्यावा लागतो. यवतमाळ, चंद्रपूरसारख्या जिल्ह्यांतल्या फ्लोरोसिस झालेल्या दातांचे इनॅमलही नेहमीच्या वेळात एच होत नाही. किडीच्या कडेचे, वाचवलेले मऊ डेंटिन तिसऱ्याच तऱ्हेचे: त्यात ॲसिड खोल जाते, हायब्रिड थर जाड होतो, आणि जाड असूनही कमजोर राहतो. या प्रत्येकाला एकाच बाटलीतले एकच औषध एकाच पद्धतीने लावणे मला मान्य नाही, मग बाटलीवर ‘युनिव्हर्सल’ लिहिलेले का असेना.

शेवटचा शोध थोडा अस्वस्थ करणारा आहे. डेव्हिड पॅशली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली दाखवले, की जिवाणू नसतानाही हायब्रिड थरातले कोलॅजन झिजते. डेंटिन घडताना त्यात अडकून राहिलेली विकरे, मॅट्रिक्स मेटॅलोप्रोटिनेज, ॲसिडमुळे जागी होतात आणि रेझिनने न वेढलेले तंतू पाण्याच्या साहाय्याने कुरतडतात. शेजारणीचे सिमेंट टिकले आणि आपले निघाले, याच्या अनेक कारणांपैकी हे एक. क्लोरहेक्झिडिन या जंतुनाशकाने ही विकरे काही काळ थोपवता येतात. जाळ्यातल्या पाण्याची जागा पुन्हा खनिजाने भरण्याचे प्रयत्न प्रयोगशाळांत चालू आहेत, पण ते खुर्चीपर्यंत आलेले नाहीत.

तोवर करण्याजोगे एक काम कोणत्याही बाटलीवर अवलंबून नाही. बेल्जियममधल्या लूव्हन विद्यापीठात चिकटवलेले नमुने चार वर्षे पाण्यात ठेवून पाहिले गेले. डेंटिनचा सांधा जिथे थेट पाण्याला उघडा होता तिथे काही पदार्थांची पकड घटली. भोवती चिकटलेल्या इनॅमलची कड होती तिथे ॲसिडने वेगळे एचिंग करून लावलेल्या पदार्थांची पकड बरीच टिकून राहिली. खड्डा तयार करताना काठावरचे मिलिमीटरभर निरोगी इनॅमल राखता येत असेल, तर ते राखावे.